कापसातून पार, चांदीपुढे हार

बुलढाणा जिल्ह्यात ‘आरएफआयडी’ हे नाव फारसे कुणाच्या तोंडी नाही, पण ती वस्तू मात्र रोज वापरात आहे. समृद्धी महामार्गावरून येऊन मेहकरला उतरणारी गाडी टोलनाक्यापाशी आली, की काचेवर चिकटवलेला फास्टॅग वाचला जातो, दांडा वर होतो आणि टोलचे पैसे वळते होतात. नागपूर ते शिर्डी हा या महामार्गाचा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि मुंबईकडचा शेवटचा तुकडा ५ जून २०२५ रोजी. राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग त्याही आधी, १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून सक्तीचा झाला होता. फास्टॅगला इंटरनेट ठाऊक नाही आणि आपण कुठे आहोत हेही त्याला कळत नाही. त्याला एकच काम येते: कुणी रेडिओलहरींनी हाक मारली, की आपला क्रमांक सांगायचा. हाच टॅग अंगाने थोडा लहान होऊन शर्टाच्या लेबलात शिरला, की दुकानाचा सारा हिशेब कसा बदलतो, हा या लेखाचा विषय.

या टॅगमध्ये बॅटरी नसते, आणि सगळे नवल तिथूनच सुरू होते. बुलढाणेकरांना रेडिओने माग काढण्याचे एक प्रसिद्ध उदाहरण माहीत आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातला ‘टी१सी१’ नावाचा तरुण वाघ २०१९ मध्ये गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन निघाला, विदर्भ आणि तेलंगणातून सुमारे ३००० किलोमीटर भटकला आणि अखेर बुलढाणा–खामगाव रस्त्यालगतच्या ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन स्थिरावला. त्याची कॉलर उपग्रहांकडून आपली जागा समजून घेत होती आणि स्वतःहून कळवत होती. त्यासाठी तिला बॅटरी लागत होती, आणि बॅटरीला अंत असतो. पुढच्याच वर्षी ती कॉलर काढली गेली. दुकानातला टॅग याच्या अगदी उलट जातीचा. तो स्वतःहून कधीच बोलत नाही, म्हणून त्याला संपायला काही नसते. गोदामात पाच वर्षे पडून राहिलेला टॅगसुद्धा लहर पोचताच उत्तर देतो.

असा टॅग पाहायचा असेल, तर मोठ्या ब्रँडच्या कपड्याला लटकणारे जाड कागदी लेबल उजेडासमोर धरावे. आत धातूची वळणावळणाची नक्षी दिसते. ती नक्षी म्हणजे अँटेना, आणि तिच्या मधोमध जो वाळूच्या कणाएवढा ठिपका असतो ती चिप. नक्षी वळणांची का, याला साधे कारण आहे. भारतात या कामासाठी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला. पुढे २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढला. या लहरींची लांबी सुमारे ३५ सेंटिमीटर. लहर नीट झेलायची तर अँटेना तिच्या निम्मी, म्हणजे सतरा-साडेसतरा सेंटिमीटर हवी. एवढी पट्टी शर्टाला लटकवणार कशी? म्हणून ती दुमडून, नागमोडी करून बोटाएवढ्या जागेत बसवतात. बहुतेक टॅगची अँटेना ॲल्युमिनियमची असते, काहींची चांदीच्या कणांच्या शाईने छापलेली. चांदीचा हा उल्लेख लक्षात ठेवावा, कारण पुढे तीच चांदी याच टॅगची वाट अडवून उभी राहणार आहे.

दुकानदाराच्या हातातला रीडर लहरी सोडतो. त्यांतली अगदी थोडी ऊर्जा टॅगच्या अँटेनात उतरते, पण चिपला जागे व्हायला एका वॉटचा लाखावा भाग, म्हणजे दहाएक मायक्रोवॉट, पुरतो. आता उत्तर द्यायचे, तर स्वतःची लहर निर्माण करण्याइतकी शक्ती चिपकडे नाही. मग ती एक युक्ती करते. अंगणात उभे राहून पोरे आरशाचा कवडसा समोरच्या भिंतीवर पाडतात आणि आरसा हलवून तो दाखवतात-लपवतात, तसे टॅग करतो. सूर्य रीडरचा, आरसा अँटेनाचा. चिप आपल्या अँटेनाची जोडणी क्षणाक्षणाला बदलते, त्यामुळे परत जाणारी लहर कधी जोरकस होते, कधी क्षीण. त्या चढउतारात शून्य आणि एक गुंफलेले असतात. रीडर आपणच सोडलेल्या लहरीच्या प्रतिध्वनीतून तो क्रमांक वाचतो. अंतर काही मीटरचे असले तरी चालते. लेबल समोर दिसण्याची गरज नसते, घडी उलगडावी लागत नाही, खोकेही फोडावे लागत नाही.

परावर्तित लहरींनी संदेश पाठवता येईल, हे हॅरी स्टॉकमन या अभियंत्याने १९४८ मध्ये एका शोधनिबंधात मांडले. पण त्याआधीच ही गोष्ट कुणीतरी गुपचूप करून दाखवली होती. ऑगस्ट १९४५ मध्ये मॉस्कोत सोव्हिएत शाळकरी मुलांनी अमेरिकेचे राजदूत ॲव्हरेल हॅरिमन यांना एक सुंदर लाकडी कोरीव काम भेट दिले. त्यावर अमेरिकेची राजमुद्रा होती. राजदूतांच्या निवासस्थानी ती भिंतीवर लागली आणि सात वर्षे तिथेच राहिली. तिच्या पोटात तांब्याची एक छोटी पोकळी, एक पातळ पडदा आणि एक अँटेना दडवलेली होती. वायर नाही, बॅटरी नाही, त्यामुळे झडतीत काहीच सापडत नसे. बाहेरून कुणी त्या इमारतीवर ठरावीक रेडिओलहर रोखली, की खोलीतल्या बोलण्याने पडदा थरथरे आणि परतणाऱ्या लहरीत ते बोलणे उमटे. १९५२ मध्ये हे बिंग फुटले. १९६० मध्ये अमेरिकेने ती मुद्रा संयुक्त राष्ट्रांत सगळ्यांसमोर मांडली. हे यंत्र लेव्ह तेर्मेन याने बनवले होते. हात न लावता वाजणारे ‘थेरेमिन’ हे वाद्यही त्याचेच. आज शर्टाला लटकणाऱ्या टॅगचे मूळ तत्त्व त्या हेरगिरीच्या खेळण्यात पुरतेपणी होते. तेव्हा नव्हती ती फक्त स्वस्त चिप, आणि ती यायला पुढची पन्नास वर्षे लागली.

एक अडचण उरते. मांडणीवर तीनशे शर्ट आहेत. रीडरने हाक मारली आणि तीनशे टॅग एकदम बोलले, तर गोंगाटात काहीच कळणार नाही. यावरचा उपाय हवाई बेटांवरून आला. तिथल्या विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन यांनी १९७१ च्या सुमारास बेटाबेटांवरचे संगणक रेडिओने जोडताना अशी रीत बसवली की, बोलणाऱ्यांनी क्षण नशिबाने निवडायचा आणि दोघांची टक्कर झाली तर पुन्हा नव्याने निवडायचा. टॅग तेच करतात. रीडर आधी सांगतो की इतकी घरे मोकळी आहेत. प्रत्येक टॅग मनातल्या मनात एक घर निवडतो आणि आपली पाळी येईपर्यंत गप्प राहतो. ज्याचा क्रमांक वाचून झाला, तो त्या फेरीपुरता मौन धरतो. रीडर घरांची संख्या गर्दी पाहून कमी-जास्त करत राहतो. हे सारे इतके झपाट्याने होते की एका सेकंदात शेकडो टॅग वाचून होतात. २००४ च्या अखेरीस ठरलेल्या ज्या मानकानुसार हे चालते, तेच आपल्या फास्टॅगचेही आहे.

बारकोडशी याची तुलना नेहमी होते, पण खरा फरक बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. बारकोडचे पहिले व्यापारी वाचन २६ जून १९७४ रोजी अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी झाले. वस्तू होती च्युइंगमचे पाकीट, किंमत ६७ सेंट. आपल्याकडे नोंदणी झालेल्या वस्तूंचे बारकोड ८९० या आकड्यांनी सुरू होतात. पण बारकोड सांगतो तो प्रकार: अमुक कंपनीचा, निळा, ४० नंबरचा शर्ट. त्या प्रकारचे हजार शर्ट असले तरी हजारांवर तेच पट्टे. टॅगमधला ९६ बिटांचा क्रमांक त्या प्रकाराच्या पुढे आणखी एक अनुक्रमांक जोडतो. या अनुक्रमांकाला ३८ बिट दिलेले आहेत, म्हणजे एकाच प्रकारच्या २७,४८७ कोटींहून जास्त नगांना वेगवेगळी ओळख देता येते. तोच टॅग दहादा वाचला तरी मोजणीत तो एकच धरला जातो, ही किमया या अनुक्रमांकाची. बारकोड दोनदा वाचला, तर नग दोन झाले.

आता दुकानात येऊ. आपल्याकडे काय माल आहे हे दुकानदाराला पक्के माहीत असते, असा सगळ्यांचा समज असतो, आणि दुकानदाराचा तर सगळ्यांत जास्त. निकोल डीहोरेशियस आणि अनंत रामन या अभ्यासकांनी एका मोठ्या अमेरिकी दुकानसाखळीची ३७ दुकाने घेऊन जवळपास ३ लाख ७० हजार नोंदी तपासल्या. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ६५ टक्के नोंदी प्रत्यक्ष मालाशी जुळल्या नाहीत. चोरी हे त्यातले एक कारण झाले. बाकीची कारणे फार साधी आहेत. लाल आणि निळ्या रंगाचे दोन नग एकाच किमतीचे, म्हणून काउंटरवरचा माणूस एकच बारकोड दोनदा मारतो. गठ्ठ्यात ४८ नग लिहिलेले असतात, निघतात ४७. गिऱ्हाइकाने घालून पाहिलेली पँट दुसऱ्याच मांडणीत जाते. चुकीचा माल परत येतो आणि तो नोंदवायचा राहतो. संगणक म्हणतो एक नग शिल्लक आहे, म्हणून नवा माल मागवला जात नाही. तो एक नग मात्र कुणालाच सापडत नाही. गिऱ्हाईक निघून जाते आणि या तोट्याची नोंद कुठल्याच वहीत होत नाही.

माझ्या मते या तंत्राची खरी ताकद इथे आहे. चोर पकडणे हे त्याचे दुय्यम काम. चोरीसाठी दारात उभे असलेले खांब फार जुने आहेत आणि त्यांचे टॅग मुके असतात. त्यांना क्रमांक नसतो, ‘मी इथे आहे’ एवढेच सांगता येते. आरएफआयडी दुकानाला त्याचीच माहिती खरी करून देते. हातातला रीडर घेऊन मांडणीसमोरून चालत गेले, की तासाला हजारो नग मोजून होतात. वर्षातून एकदा मार्चअखेर शटर ओढून करायची मोजणी आठवड्याला, हवी तर रोज करता येते. हरवलेला नग शोधायचा असेल, तर रीडर त्याच्या जवळ जाईल तसा जोराने वाजू लागतो. झारा हा ब्रँड चालवणाऱ्या स्पेनच्या इंडिटेक्स कंपनीने २०१४ पासून आपल्या दुकानांत हे आणले. जपानच्या युनिक्लोमध्ये आणि पुण्या-मुंबईतल्या डेकॅथलॉनमध्ये गिऱ्हाईक कपडे एका खोलगट पेटीत टाकते आणि पडद्यावर एकदम पूर्ण बिल दिसते. लोकांना नवल या पेटीचे वाटते. दुकानाचा फायदा मात्र मागच्या मांडणीत झालेला असतो.

या साऱ्याच्या मुळाशी एक लिपस्टिक आहे, यावर चटकन विश्वास बसत नाही. प्रॉक्टर अँड गँबल कंपनीतले केविन ॲश्टन यांच्या लक्षात आले की त्यांच्या लिपस्टिकचा एक खपाऊ रंग दुकानांच्या मांडणीवर सारखा संपलेला असतो, आणि कागदोपत्री मात्र पुरवठा ठीक असतो. यातून पुढे १९९९ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत एक संशोधन केंद्र उभे राहिले. ॲश्टन यांच्या बरोबरीने डेव्हिड ब्रॉक आणि आयआयटी कानपूरला शिकलेले संजय सरमा हे त्यात होते. त्यांनी दिशा अशी ठरवली: चिपमध्ये फक्त क्रमांक ठेवायचा, बाकीची सगळी माहिती संगणकावर. चिप जेवढी अडाणी, तेवढी स्वस्त. आज साध्या लेबलचा टॅग काही रुपयांत पडतो, तो या एका निर्णयामुळे. हातातला रीडर मात्र अजूनही चांगल्या मोबाइलपेक्षा महाग आहे.

रेडिओलहरींना सगळा माल सारखा नसतो. या बाबतीतली दोन टोके बुलढाणा जिल्ह्यात एकाच गावच्या बाजारात भेटतात. खामगावची जुनी ओळख कापसाची आणि आजची चांदीची. त्याला ‘रजतनगरी’ म्हणतात ते चांदीसाठी.

आधी कापूस. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस मँचेस्टरला पोचेना आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुख्य रेल्वेमार्ग खामगावला न येता जलंबवरून गेला होता, म्हणून जलंब ते खामगाव ही फक्त तेरा किलोमीटरची शाखा बांधली गेली, आणि १८७० मध्ये तिचे उद्घाटन करायला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले. एवढ्याशा फाट्यासाठी व्हाइसरॉय येतो, यावरून त्या बाजाराचे वजन कळावे. तर हा कापूस रेडिओलहरींना जवळपास पारदर्शक आहे. कोरड्या सुती कापडाच्या पन्नास घड्या एकावर एक ठेवल्या, तरी लहर त्यांतून आरपार जाते. हे तंत्र सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जास्त कपड्यांच्या दुकानांत रुजले, त्याचे एक मोठे कारण हे आहे. कपडा ओला असेल तर मात्र पाणी लहर शोषून घेते आणि वाचन ढिसाळ होते.

मग कापसाच्या गाठीलाच टॅग का नाही? आपल्याकडे रुईची गाठ १७० किलोची असते. भारतीय कापूस महामंडळाने गाठींची ओळख क्यूआर कोडने ठेवण्याची पद्धत आणली आहे. ७ ऑक्टोबर २०२० रोजी जाहीर झालेल्या ‘कस्तुरी कॉटन’ या भारतीय कापसाच्या ब्रँडचा मागही क्यूआर कोडवरच चालतो. अमेरिकेत वेचणी यंत्राने होते. यंत्र शेतातच कापसाचा मोठा गोल गठ्ठा बांधते आणि त्यावर जे प्लॅस्टिक गुंडाळते, त्यात आरएफआयडी टॅग आधीच बसवलेले असतात. त्यामुळे कुठला गठ्ठा कुठल्या शेतातला हे जिनिंगपर्यंत कळत राहते. खामगाव, मलकापूर, नांदुऱ्याकडचा शेतकरी मोकळा कापूस गाडीत भरून आणतो. काट्यावर वजन झाले, की तो जिनिंगच्या गंजीवर जातो आणि दहा गावांचा कापूस एक होतो. गाठ बांधण्याच्या आधीच शेताची ओळख पुसली गेलेली असते. पुढे सूतगिरणीत अनेक गाठी एकत्र पिंजल्या जातात, तेव्हा गाठीचीही ओळख संपते. शर्टाच्या लेबलातला क्रमांक कपड्याच्या कारखान्यात जन्मतो, त्याच्या मागचे त्याला काही सांगता येत नाही. लहर कापसातून पार जाते म्हणून कापसाचा माग लागतो असे नव्हे. अडचण लहरीची नाही, गंजीची आहे.

चांदीची गोष्ट उलटी. विजेला वाट देण्यात सगळ्या धातूंत चांदी पहिली, आणि नेमक्या याच गुणामुळे ती रेडिओलहरीला आत शिरू देत नाही. लहर चांदीवर आदळली की पृष्ठभागात विजेचे प्रवाह उठतात आणि ते लहरीला परत फेकतात. ८६६ मेगाहर्ट्झच्या आसपास लहरीचा चांदीतला शिरकाव दोन मायक्रॉनच्या जेमतेम पुढे जातो, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा तिसावा हिस्सा. चांदीच्या ताटाला टॅग थेट चिकटवला, तर तो मुका होतो. ताटावर येणारी आणि त्यावरून उलटणारी लहर ताटाच्या पृष्ठभागापाशी एकमेकींना मारतात आणि टॅगच्या वाट्याला काहीच उरत नाही. शिवाय धातू जवळ आला की अँटेनाचा सूर बिघडतो. हाच टॅग ताटापासून थोडा दूर धरला, की पुन्हा बोलू लागतो.

सराफी धंद्यातला तोडगा या ‘थोडा दूर’ मध्येच आहे. मोजणी तिथला रोजचा धर्म. सकाळी तिजोरीतून ट्रे बाहेर येतात, रात्री परत आत जातात, आणि दोन्ही वेळा नग जुळावे लागतात. जोडवी, पैंजण, तोरड्या, वाळे यांसारखा बारीक आणि एकसारखा दिसणारा माल हाताने मोजायचा म्हणजे दुकान बंद करताना चांगलाच वेळ जातो. दागिन्यांसाठी टॅग वेगळ्या घडणीचे असतात. दोन टोकांना रुंद आणि मध्ये अरुंद अशी लहानशी पट्टी, किंवा एक लांब शेपूट, जे दागिन्यात ओवून चिप आणि अँटेना धातूपासून लांब लोंबत ठेवते. रीडरही दुरून हाक मारणारा नसतो. काउंटरवर पाटासारखा सपाट ठेवलेला असतो, त्यावर ट्रे ठेवला की काही सेकंदांत नग वाचले जातात. गिऱ्हाइकाला दाखवायला काढलेला नग परत ट्रेमध्ये आला की नाही, हे तिथल्या तिथे कळते. दागिना तोलताना टॅगचे वजन वजा करायचे असते, हे मुरलेला सराफ विसरत नाही. गिऱ्हाइकानेही विसरू नये.

टॅग नगाची ओळख सांभाळतो, शुद्धतेची हमी देत नाही. त्यासाठी हॉलमार्क. सोन्याच्या हॉलमार्क दागिन्यांवर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक १ एप्रिल २०२३ पासून बंधनकारक झाला. चांदीसाठी तीच पद्धत १ सप्टेंबर २०२५ पासून ऐच्छिक स्वरूपात सुरू झाली. हा क्रमांक लेझरने थेट धातूवर कोरतात आणि मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर कुणालाही तो तपासता येतो. म्हणजे एकाच पैंजणाला दोन ओळखी असू शकतात. दोऱ्याला लटकणारी विक्रीच्या वेळी कापून निघते आणि पुन्हा दुसऱ्या नगाला वापरता येते. कोरलेली गिऱ्हाइकाबरोबर घरी जाते.

कापूस आणि चांदी यांच्या मधली वस्तूही आपल्याकडे आहे: जरीची साडी. अस्सल जरीत रेशमी किंवा सुती धाग्याभोवती चांदीची बारीक तार गुंडाळलेली असते, नकली जरीत तांबे किंवा धातूचा मुलामा दिलेली प्लॅस्टिकची पट्टी. घडी घातलेल्या दाट जरीच्या पदराखाली टॅग दबला तर लहर अडते. म्हणून अशा साडीला टॅग लावायचा तो जरीच्या काठापासून दूर, घडीच्या बाहेर लोंबेल असा. युरोपातल्या कारखान्यांनी लिहिलेल्या मार्गदर्शिकांत पैठणीचा विचार असण्याचे कारण नाही. हे ज्याने-त्याने आपल्या दुकानात करूनच पाहायचे असते.

धातू आणि पाण्याच्या या आडमुठेपणाने भल्याभल्यांना दमवले आहे. जगातली सगळ्यांत मोठी दुकानसाखळी वॉलमार्ट हिने २००३ मध्ये आपल्या १०० बड्या पुरवठादारांना हुकूम सोडला: जानेवारी २००५ पासून खोक्यांवर आणि ती रचून ठेवायच्या पॅलेटवर टॅग लागलेच पाहिजेत. खोक्यांत होते शाम्पू, शीतपेये आणि पत्र्याचे डबे. वाचन धड होईना, खर्च मात्र पुरवठादारांच्या माथी, आणि तो हुकूम हळूहळू थंडावला. २०१० मध्ये वॉलमार्टने पुन्हा सुरुवात केली ती जीन्स आणि पुरुषांच्या अंतर्वस्त्रांपासून, म्हणजे सुती कपड्यांपासून. या खेपेला जमले.

दुसरा विरोध गिऱ्हाइकांचा होता. २००३ मध्येच इटलीच्या बेनेटन कंपनीच्या कपड्यांत टॅग शिवले जाणार अशी बातमी आली. दुकानाबाहेर पडल्यावरही कुणी आपल्या अंगावरचे कपडे वाचू शकेल, म्हणून अमेरिकेतल्या ग्राहक चळवळीने बहिष्काराची हाक दिली. कंपनीने माघार घेतली. शंका निराधार नव्हती. म्हणूनच २००४ च्या मानकात टॅगला कायमचे मुके करण्याची आज्ञा ठेवलेली आहे. ३२ बिटांचा गुप्त संकेत दिला, की चिप पुन्हा कधीच उत्तर देत नाही. दुकाने ही आज्ञा क्वचितच वापरतात, कारण माल परत आला तर टॅग त्यांना हवा असतो. टॅगमध्ये गिऱ्हाइकाचे नाव नसते हे खरे. पण बिल मोबाइल नंबरवर निघाले, तर त्या क्रमांकाशी नाव जोडणे दुकानाच्या संगणकाला अवघड नाही. लटकणारे लेबल घरी आल्यावर कापून टाकणे हा सर्वांत सोपा इलाज. आत शिवलेले असेल तर कात्री जपून चालवावी. धातू लहर अडवतो, हे चोरांना तर केव्हाच कळले आहे. आतून धातूची चकचकीत पन्नी लावलेल्या पिशवीत माल टाकून दारातले खांब मुके करण्याची त्यांची रीत जुनी आहे.

खामगाव, मलकापूर, चिखली किंवा बुलढाण्याच्या बाजारात हे कुणाला परवडेल? किराणा दुकानाला नाही. पाच रुपयांच्या बिस्किटपुड्यावर काही रुपयांचा टॅग कोण लावील? शेगावच्या कचोरीवाल्यालाही त्याची गरज नाही, त्याचा माल संध्याकाळपर्यंत उरतच नाही. सराफाला परवडते, कारण नगाच्या किमतीपुढे टॅगची किंमत काहीच नाही आणि टॅग परत वापरात येतो. लग्नसराईत तीन मजले भरून माल ठेवणाऱ्या कापड दुकानाला परवडू शकते. तयार कपड्यांवर ब्रँडने टॅग आधीच लावलेला असेल, तर दुकानाला फक्त रीडर आणि त्याची संगणकप्रणाली घ्यावी लागते.

पण रीडर घेण्याआधी दुकान पाहावे. आपल्याकडची बहुतेक कपाटे लोखंडी अँगलची आणि पत्र्याच्या फळ्यांची. पत्र्याला चिकटून ठेवलेली घडी वाचली जात नाही, लाकडी फळीवरची जाते. एखादा नग चार वेळा फिरूनही मोजणीत येत नसेल, तर तो चोरीला गेला असे धरण्याआधी त्याच्या मागे पत्रा आहे का ते बघावे. याच्या उलटही घडते. बाजारपेठेतली दुकाने भिंतीला भिंत लावून उभी, आणि विटांची भिंत ही लहर पूर्णपणे अडवत नाही. शेजारीही टॅग लावलेले कपडे विकत असेल, तर रीडर त्याच्या मांडणीवरचे शर्ट आपल्या खात्यात जमा करू शकतो. त्यावर उपाय दोन. भिंतीलगत मोजताना रीडरची शक्ती उतरवायची, आणि आपल्या खरेदीच्या यादीत नसलेला क्रमांक आला, तर संगणकाला तो बाजूला काढायला शिकवायचे.